एकच सिम्फनी इतक्या वेळा कशाला?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘माझा छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणात ध्वनिमुद्रणांचे तुकडे ऐकवले होते, त्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)



मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपापला छंद कळवा’ असा निरोप आला तेव्हा मी लिहिलं, ‘द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं जमवते.’ त्यावर बरेच अंगठे आले आणि एक प्रश्न आला. ‘सिम्फनी एकच ना? सगळे समोर कागद ठेवून तेच वाजवतात ना? मग एक घेतली की झालं. इतक्या वेळा कशाला?’ विचारणारा आत्ता दुसऱ्या रांगेत बसला आहे. तो सीए आहे, तेव्हा प्रश्नात खर्चाची काळजीही असणार. पण प्रश्न चोख आहे, आणि मला मिळालेली वीस मिनिटं मी त्या एका प्रश्नालाच देणार आहे.

आपल्या संगीतात हा प्रश्न कुणाला पडत नाही. भीमसेनचा यमन दोनदा ऐकला तर तो दोन वेळा वेगळा असणार, हे आपण गृहीतच धरतो, कारण राग तिथल्या तिथे उलगडतो. (मी कलाकारांना एकेरीत संबोधणार आहे. सरांनी रागावू नये, हा आपला जुना प्रेमाचा रिवाज आहे.) पाश्चात्त्य सिम्फनीचं तसं नाही. तिथे कुठल्या वाद्याने कुठला सूर, किती वेळ, किती हळू किंवा जोरात वाजवायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. साठ-सत्तर-ऐंशी वादक समोरचा कागद वाचत वाजवतात आणि मधे एक माणूस काठी घेऊन उभा असतो. त्याला कंडक्टर म्हणतात. एसटीतला नव्हे, पण काम फार वेगळं नाही. गाडी कधी सुटणार आणि कुठे किती थांबणार हे तोच ठरवतो.

आता ही सिम्फनी. आन्तोनिन द्वोर्झाक, जन्म १८४१, प्रागच्या जवळच्या एका खेड्यात. वडील खाटीक होते आणि खानावळ चालवत. आडनावाचा उच्चार मला चार वर्षं ब्रनोमध्ये नोकरी करूनही नीट जमलेला नाही. त्यात एक अक्षर आहे, ज्यात ‘र’ आणि ‘झ’ एकाच वेळी म्हणायचा असतो. माझे तिथले सहकारी दर वेळी माझा प्रयत्न मन लावून ऐकत आणि नंतर हसत. १८९२ च्या सप्टेंबरात हा माणूस न्यूयॉर्कला गेला. जेनेट थर्बर नावाच्या बाईंनी तिथे एक संगीत विद्यालय काढलं होतं, त्याचा संचालक म्हणून. पगार वर्षाला १५,००० डॉलर, म्हणजे प्रागमध्ये मिळत होता त्याच्या कित्येक पट. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑनसाइट. बायको आणि दोन मुलं बरोबर नेली, चार मुलं मागे ठेवली. आमच्या क्षेत्रातल्यांना हे चित्र नवीन नाही.

तिथे त्याने ही सिम्फनी लिहिली आणि तिला ‘नव्या जगातून’ असं नाव दिलं. २४ मे १८९३ ला ती पूर्ण झाली. १६ डिसेंबर १८९३ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आन्तोन झायडल या कंडक्टरने न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून ती पहिल्यांदा वाजवून घेतली. चार भाग, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. यात झांजेचा एकच आघात आहे, तोही शेवटच्या भागात, तोही मोठा नाही. झांजवाला अर्धा-पाऊण तास बसून राहतो, एकदा झांज घासतो आणि पुन्हा बसतो. आपल्या गॅदरिंगच्या नाटकात एकच वाक्य असलेला पहारेकरी आठवतो का? तो.

दुसरा भाग सगळ्यात प्रसिद्ध. त्याला लार्गो म्हणतात, म्हणजे अगदी संथ. आधी पितळी वाद्यांचे काही गंभीर स्वरमेळ येतात आणि मग एक एकटं वाद्य धून धरतं. त्या वाद्याचं नाव ‘इंग्लिश हॉर्न’ आहे. ते इंग्लिशही नाही आणि शिंगही नाही, लाकडी आहे. आपल्या सनईसारखी त्याला दुहेरी पत्ती असते आणि आवाजही सनईच्या एखाद्या सोशिक थोरल्या बहिणीसारखा. ऐका.

(येथे लार्गोची सुरुवात ऐकवली. कारेल आन्चेर्ल, चेक फिलहार्मोनिक, १९६१.)

काही जणांच्या माना हलल्या, ते मी पाहिलं. कारण आहे. धून ज्या सुरांवर उभी राहते ते सूर भूपाचे आहेत. पुढच्या ओळीत निषाद येतो आणि भूप मोडतो, पण तोवर आपलं काम झालेलं असतं. म्हणून तर कानावर पाश्चात्त्य संगीताचा काहीच संस्कार नसलेल्या माझ्या आईलाही हा भाग पहिल्या खेपेला आवडला. बाकीच्या तीन भागांना ती ‘ठीक आहे’ म्हणाली.

आता कागदाकडे वळू. मी इंजिनीअर आहे, त्यामुळे मी पहिल्यांदा मोजमाप केलं. लार्गोच्या डोक्यावर वेग लिहिलेला आहे, मिनिटाला ५२ ठोके. संपूर्ण भागाचे ठोके मोजून त्याला ५२ ने भागलं तर उत्तर दहा मिनिटांच्या आत येतं, आणि मधला थोडा भाग तर याहून जलद घ्या असं लिहिलं आहे. मग मी माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणांच्या वेळा एका एक्सेल शीटमध्ये भरल्या. बहुतेकांना अकरा ते तेरा मिनिटं लागतात. लेनर्ड बर्नस्टाईनने १९८६ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिककडून हा भाग वाजवून घेतला, त्याला अठरा मिनिटांच्या वर लागली. म्हणजे लिहिलेल्याच्या जवळजवळ दुप्पट! आमच्याकडे एखाद्या प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ घेतला तर ग्राहक रात्री फोन करतो. इथे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

(येथे त्याच जागेचा बर्नस्टाईनचा तुकडा ऐकवला.)

मला स्वतःला हे बर्नस्टाईनचं ध्वनिमुद्रण आवडत नाही. इतका संथपणा धुनेला पेलत नाही, ती मधेच तुटते आणि आपण पुढच्या सुराची वाट बघत बसतो. पण ते माझ्याकडे आहे आणि मी ते टाकून देणार नाही. धून किती ताणली की तुटते, हे तुटल्याशिवाय कळत नाही.

पण वेग ही वरवरची गोष्ट झाली. खरी जागा याच भागाच्या शेवटाकडे आहे. तीच धून पुन्हा येते, पण आता इंग्लिश हॉर्नवर नाही. मोजक्या तंतुवाद्यांवर येते, त्यांच्यावर आवाज दबका करणारी चिमटी लावलेली असते. आणि धून पुरी होत नाही. थोडी वाजते, थांबते. पुन्हा थोडी, पुन्हा थांबते. बोलता बोलता माणसाचा गळा दाटावा तशी. त्या थांब्यांवर कागदावर एक खूण असते, अर्धवर्तुळाच्या आत एक टिंब. तिचा अर्थ, ‘इथे थांबा.’ किती वेळ, ते लिहिलेलं नसतं. ते लिहायची पद्धतच नाही.

सीएसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. सगळं लिहिलेलं असतं हे खरं, पण शांततेची लांबी लिहिलेली नसते. सूर सगळ्यांचे तेच असतात. प्रत्येक जण थांबतो मात्र आपापल्या हिशेबाने. कुणी इतका थांबतो की सभागृहातला खोकला ऐकू येतो, कुणी श्वास घेण्यापुरताच थांबतो. मी कुठलंही नवं ध्वनिमुद्रण आणलं की आधी ही जागा ऐकते. साडीचा काठ बघावा तशी.

उरलेलं अर्धं उत्तर माणसांचं आहे, आणि त्याला थोडा वेळ लागेल.

चेक फिलहार्मोनिक हा प्रागचा वाद्यवृंद. त्याची पहिली मैफल ४ जानेवारी १८९६ ला रुडोल्फिनुम नावाच्या इमारतीत झाली, आणि काठी हातात घेऊन स्वतः द्वोर्झाक उभा होता. त्या वाद्यवृंदाने ही सिम्फनी अनेकदा रेकॉर्ड केली आहे. त्यातली तीन ध्वनिमुद्रणं मी वेगळी ठेवते. वाद्यवृंद तोच, शहर तेच, कागद तोच. कंडक्टर तीन. तिघांनी एकामागून एक या वाद्यवृंदाचं नेतृत्व केलं.

पहिला वाक्लाव तालिख. १९१९ पासून १९४१ पर्यंत तो प्रमुख होता. चेक फिलहार्मोनिकला जगात नाव मिळालं ते त्याच्यामुळे. जर्मनांच्या ताब्याच्या काळात तो देश सोडून गेला नाही, काम करत राहिला. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर त्याच्यावर शत्रूशी हातमिळवणी केल्याचा आरोप झाला. तुरुंगात टाकलं, मग आरोप टिकले नाहीत म्हणून सोडलं. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवट आली, तिलाही तो नको होता. तो ब्रातिस्लाव्हाला गेला आणि तिथे नवा वाद्यवृंद उभा करत बसला. १९५४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने आपल्या जुन्या वाद्यवृंदाबरोबर ही सिम्फनी रेकॉर्ड केली. आवाज एकपदरी, जुनाट. पण ऐकताना जाणवतं की या माणसाला घाई नाही आणि कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. धून वाजते तेव्हा घरातलं एखादं जुनं माणूस बोलत असल्यासारखं वाटतं.

दुसरा रफाएल कुबेलिक. तालिखनंतर १९४२ मध्ये तो प्रमुख झाला, अठ्ठाविसाव्या वर्षी. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. त्या उन्हाळ्यात तो एडिंबरोच्या महोत्सवासाठी बायको-मुलाला घेऊन निघाला आणि परतलाच नाही. देश मोकळा होईपर्यंत परत येणार नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

तिसरा कारेल आन्चेर्ल. मघाशी तुम्ही ऐकलात तो. तालिखचा विद्यार्थी. ज्यू. १९४२ मध्ये त्याला कुटुंबासह तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथे कैद्यांनी वाद्यवृंद उभा केला होता आणि आन्चेर्ल तो चालवत असे. त्याच्याबरोबर पाव्हेल हास नावाचा संगीतकार कैदी होता. त्याने तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली आणि आन्चेर्लने ती वाजवली. नाझींनी १९४४ मध्ये तेरेझिनवर एक प्रचारपट काढला, ‘बघा, ज्यू इथे किती सुखात आहेत’ असं जगाला दाखवायला. त्यात हा वाद्यवृंद हीच रचना वाजवताना दिसतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत हास आणि आन्चेर्ल दोघांनाही ऑशविट्झला पाठवलं. हास तिथे मारला गेला. आन्चेर्लचे आई-वडील, बायको आणि तेरेझिनमध्येच जन्मलेला तान्हा मुलगा, सगळे मारले गेले. आन्चेर्ल वाचला. युद्धानंतर तो तेरेझिनला परत गेला आणि हासच्या त्या रचनेचे कागद शोधून काढले. एका वाद्याचे कागद सापडले नाहीत, ते नंतर बाकीच्यांवरून अंदाजाने लिहिले गेले. ती रचना आज वाजते ती त्यामुळे.

१९५० मध्ये तो चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि अठरा वर्षं राहिला. १९६१ मध्ये रुडोल्फिनुममध्ये त्याने ही सिम्फनी रेकॉर्ड केली. त्याच वर्षी त्याचा गुरू तालिख वारला होता.

आता एवढं ऐकल्यावर तुम्हाला काय वाटेल? हा माणूस त्या थांब्यांवर किती थांबत असेल, किती आर्त वाजवत असेल. ऐका.

(येथे लार्गोचा शेवट ऐकवला. आन्चेर्ल, १९६१.)

जवळजवळ थांबतच नाही. सगळं नेटकं, सरळ, कोरडं म्हणावं इतकं. कुठे सूर ओढलेला नाही, कुठे डोळे पुसायला वेळ ठेवलेला नाही. आधी हे ध्वनिमुद्रण ऐकलं आणि नंतर त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा मला ते पुन्हा लावावंसं वाटेना. या अनुभवांतून गेलेल्या माणसाने तीच धून इतक्या सरळपणे वाजवावी आणि ज्यांच्यावर काही गुदरलं नाही त्यांनी ती अठरा मिनिटं ताणावी, याचा अर्थ काय लावायचा? मी तो लावत नाही. ऑशविट्झ त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतं असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही. ऐकू येतो तो ताल, सुटा सुटा लागलेला प्रत्येक सूर, आणि थरथरणारी चेक शिंगं. एका माणसाने काय ऐकवायचं नाही ते ठरवलं आहे, एवढं मात्र कळतं. माझ्या सगळ्या संग्रहातलं हे मला सगळ्यात जवळचं आहे.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा आन्चेर्ल अमेरिकेत होता. साठाव्या वर्षी तो परदेशी राहिला, टोरांटोच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला आणि १९७३ मध्ये तिथेच वारला. छावणीतून परत आलेला माणूस तेवीस वर्षांनी पुन्हा बेघर.

आता कुबेलिक. त्याने ही सिम्फनी १९५१ मध्ये शिकागोत रेकॉर्ड केली. १९५६ मध्ये व्हिएन्नात. १९७२ मध्ये बर्लिनमध्ये. १९८० मधलं म्युनिकच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. चार शहरं, चार वाद्यवृंद, आणि यातलं एकही शहर त्याचं नाही. बर्लिनचं सगळ्यात सफाईदार आहे आणि नव्याने ऐकणाऱ्याला मी तेच देते. १९८५ मध्ये तब्येतीमुळे त्याने काठी खाली ठेवली. मग १९८९ आलं, राजवट पडली, आणि मे १९९० मध्ये बेचाळीस वर्षांनी तो प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांच्याचबरोबर त्याने ‘नव्या जगातून’ वाजवली, आणि त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. त्या वेळी तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

जाता जाता सांगते, न्यूयॉर्कमध्ये पूर्व सतराव्या रस्त्यावरच्या ज्या घरात द्वोर्झाकने ही सिम्फनी लिहिली ते घर याच १९९१ साली पाडलं गेलं. ते वाचवा म्हणून चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष हावेल यांनीही शब्द टाकला होता.

मित्रांनो, आपल्यातले जवळजवळ निम्मे आज बाहेरून आले आहेत, कुणी दुबईहून, कुणी न्यू जर्सीहून. मी परत आले, कित्येक जण परतले नाहीत. कालच्या रात्रीच्या गप्पांत ‘परत का आलीस’ आणि ‘परत का येत नाहीस’ हे दोन प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारले गेले, आणि मला वाटतं विचारणाऱ्यांना उत्तर नकोच होतं. या तीन माणसांकडे बघा. तालिख गेला नाही, त्याची शिक्षा भोगली. कुबेलिक गेला, बेचाळीस वर्षं मोजली. आन्चेर्ल परत आला आणि तरीही शेवटी जावं लागलं. तिघांनी तेच सूर वाजवले आणि त्यातलं एकही वाजवणं दुसऱ्याला खोटं ठरवत नाही.

या सिम्फनीला लोक ‘घरच्या ओढीची सिम्फनी’ म्हणतात. मला त्याचा थोडा राग येतो. लार्गोची धून इतकी पसरली याला एक कारण असं की द्वोर्झाकच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने, विल्यम आर्म्स फिशरने, १९२२ मध्ये तिच्यावर घरी परतण्याचे शब्द बसवले. पुढे लोकांना वाटायला लागलं की हे कृष्णवर्णीयांचं जुनं भक्तिगीतच आहे आणि द्वोर्झाकने ते उचललं. उलट आहे. धून आधीची आणि द्वोर्झाकची, शब्द मागाहून आले. कृष्णवर्णीयांची गाणी त्याने ऐकली होती हे खरं. हॅरी बर्ली नावाचा त्या विद्यालयातला विद्यार्थी त्याला ती गाऊन दाखवत असे, आणि ती गाणी म्हणजे अमेरिकेच्या संगीताचा खरा पाया आहे असं द्वोर्झाकने १८९३ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर सांगितलं. तिथल्या गोऱ्या समाजातल्या अनेकांना ते झोंबलं. लार्गोबद्दल तो स्वतः लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ या काव्याचं नाव घेत असे, म्हणजे त्याच्या डोक्यात अमेरिकेतले मूळ रहिवासी होते.

आणि घरच्या ओढीचं म्हणाल, तर हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर, सिम्फनी पूर्ण झाल्याच्या तारखेखाली, त्याने एक घरगुती नोंद केली आहे. मुलं साउदॅम्प्टनला पोहोचली, तार आली, असं. मागे राहिलेली चारही मुलं न्यूयॉर्कला यायला निघाली होती. म्हणजे शेवटचा सूर लिहिला तेव्हा घरच बोटीत बसून त्याच्याकडे येत होतं. रडवेला माणूस असं टिपण ठेवत नाही. तो ऑनसाइट गेलेल्या बापासारखा फ्लाइट ट्रॅक करत बसला होता. त्या उन्हाळ्यात सगळं कुटुंब आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक वस्तीच्या गावात जाऊन राहिलं.

बाकीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल थोडक्यात, कारण घड्याळ दिसतंय. इश्तव्हान केर्तेसने १९६१ मध्ये व्हिएन्नात केलेलं जरूर ऐका, तरुण आणि धगधगतं आहे. तो हंगेरीतून १९५६ च्या उठावानंतर बाहेर पडला होता, आणि १९७३ मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर पोहताना बुडून वारला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. फेरेन्स फ्रिचायने १९५९ मध्ये बर्लिनमध्ये केलेलं आहे. तोही हंगेरीचा, तोही अकाली गेला. जॉर्ज सेलने त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये केलं, त्यात एकही वादक एक क्षणही इकडेतिकडे होत नाही. युद्धापूर्वी सेल प्रागच्या जर्मन नाट्यगृहात काम करत होता. तोस्कानिनी मुसोलिनीच्या इटलीतून निघालेला. यादी करताना माझ्या लक्षात आलं की ज्यांचं ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकते त्यातले बहुतेक आपलं गाव सुटलेले आहेत. यावरून मी कुठलाही सिद्धान्त मांडणार नाही. त्या शतकात युरोपात जो कुणी चांगला वाजवत होता त्याचं गाव बहुधा सुटलेलंच होतं.

आणि आपला माणूस. झुबिन मेहता, जन्म १९३६, मुंबई. वडील मेहली मेहता यांनी मुंबईत वाद्यवृंद उभा केला होता. झुबिन मेहतांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर ही सिम्फनी रेकॉर्ड केली. मांसल, झगमगीत, पहिल्या भागातली शिंगं अंगावर येतात. माझी पहिली ओळख याच ध्वनिमुद्रणाने झाली. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ते केवळ ‘मेहता’ हे नाव बघून उचललं होतं. पुढे १९७८ ते १९९१ ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख होते, म्हणजे ज्या वाद्यवृंदाने ही सिम्फनी जगात पहिल्यांदा वाजवली त्याचेच.

शोधणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. जुन्या रेकॉर्डींच्या वेष्टनावर हीच सिम्फनी ‘पाचवी’ म्हणून छापलेली सापडेल. द्वोर्झाकच्या आधीच्या चार सिम्फनी त्या क्रमांकात धरलेल्या नव्हत्या, क्रमांक नंतर बदलले. तेव्हा जुन्या बाजारात ‘पाचवी’ दिसली तर मागे ठेवू नका.

शेवटी एक तुकडा ऐकवते आणि बसते. सिम्फनीचा शेवट तुम्हाला वाटतो तसा धडाक्यात होत नाही. सगळा वाद्यवृंद मोठ्याने थांबेल असं वाटतं, आणि मग फुंकवाद्यांचा एकच स्वरमेळ मागे राहतो, हळूहळू विरत जातो. त्याच्यावरही तीच खूण आहे, अर्धवर्तुळ आणि टिंब. हा कुबेलिक आहे, १९९१, प्राग. वाजवण्यात बर्लिनची सफाई नाही. शेवटचा स्वरमेळ किती लांब धरला आहे ते मी आधी सांगत नाही. सीएसाहेबांनी घड्याळ लावावं.

(येथे चौथ्या भागाचा शेवट ऐकवला.)